बहिरी किटली

कुसुम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागभीडला माहेरी होते. अंगणात धानाची मळणी चालली होती, त्या घरघरीत विनयचं बोलणं धड ऐकू येईना. विनय तिचा मुलगा. "मावशी, आई गेली... झोपेतच," एवढंच तो म्हणाला. भावजयीनं चहा पुढं केला, तो मला घेववेना. आता चहा गोंडीत मागायला कुणाकडं जायचं, हाच विचार आधी आला. हसू नका, आमची मैत्रीच त्या चहावर झाली होती.

कुसुम एटापल्लीची डॉक्टर, जंगलातल्या गोंड घरातली. मी तिथल्या शाळेत मास्तरीण, तिच्या शेजारी भाड्यानं राहणारी. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला ओसरीवर बोलावलं, कप मांडले आणि किटली हातात धरून बसून राहिली. मी विचारलं, "चाय देऊन राह्यली का नाई?" तर म्हणते, "गोंडीत मांग. आमची किटली बहिरी हाये, तिले मराठी ऐकू येत नाई." 'चाय सीम', चहा दे, एवढं माझ्या जिभेवर बसेपर्यंत किटली पार गार झाली.

ही खोड तिनं थेट कझानहून आणली होती. सोव्हिएत काळाच्या अखेरीस ती व्होल्गाकाठच्या त्या तातार मुलखात डॉक्टरकी शिकायला गेली होती. वसतिगृहाच्या दारावर रशीदा नावाची म्हातारी असायची. तातार ही तुर्की कुळातली भाषा. पुस्तकाला 'किताप', चहाला जवळजवळ चायच. रशीदाची आई अरबी लिपीत लिहायची, रशीदा शाळेत लॅटिन अक्षरं शिकली आणि तिच्या मुलांच्या हाती रशियन अक्षरं आली. एकाच घरात एकमेकांचं लिहिलेलं वाचता येईना! ट्राममध्ये तातार बोललं की लोक वळून बघायचे, म्हणून नातू रशियनच बोलायचा. म्हातारीनं वाद घातला नाही. चहाचं पाणी उकळायच्या समोवारला रशियन कळत नाही, असं सांगून ती त्याचा कप रिकामा ठेवायची. "आन् मी तिथी बसून रडली, बाई," कुसुम सांगायची. "आश्रमशाळेत गेल्यापासून मायसंगं मी मराठीतच बोलत होती ना..."

परत आल्यावर ती आईशी आणि पेशंटांशी गोंडीत बोलू लागली. पण पोटच्या पोरापुढं तिचं काही चाललं नाही. विनय हट्टी, चौकातल्या टपरीवर चहा प्यायचा. पुढं नागपूरला नोकरी, लग्न, मुलगी. मुलीवरून तर मायलेकांचं माझ्यादेखत वाजलं. "तिले इंग्रजी शाळेत टाकून राह्यलो, आई. अजून एक भाषा काऊन तिच्या डोक्यात?" कुसुम कप उचलून विसळायला आत गेली. तो गेल्यावर म्हणाली, "बाहेर जंगलात गोंडी मस्त हाये. माझ्या घरात मात्र ती माझ्यासंगंच जाते का काय..." कझानकडच्या शाळांत तातार ऐच्छिक झाल्याचं वाचलं, त्या दिवशीही तिचा चेहरा असाच उतरला होता. तरी सुट्टीत नात आली की ओसरीवर कप मांडले जायचेच. पोरीच्या कपात नुसतं दूध.

सगळे विधी आटोपल्यावर मी एटापल्लीला गेले. ओसरी तशीच, खुंटीवर तिचा स्टेथोस्कोप. विनयनं चहा करून आणला. मी कप पुढं केला, तर तो किटली धरून तसाच उभा. मला वाटलं, आईच्या आठवणीनं थांबला असेल. डोळे भरलेलेच होते त्याचे.

"मावशी," तो म्हणाला, "किटली बहिरी हाये."

त्या एवढ्याशा दोन शब्दांतला एकही तोंडातून फुटेना. तेवढ्यात आजीच्या खुर्चीवर पाय हलवत बसलेली त्याची लेक माझ्याकडं बघून वैतागली. तिनं माझा कप ओढून बापापुढं धरला आणि खणखणीत म्हणाली, "चाय सीम!"

विनयनं कप काठोकाठ भरला.