इतर भाषांची चार कपाटं

निवृत्तीच्या दिवशी माणसानं गोड बोलावं, असा आपल्याकडे दंडक आहे. मी तो मोडला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

सात रस्त्याजवळच्या एका वाचनालयात मी बत्तीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी केल्या. पुस्तक आलं की त्याचं नाव, लेखक, विषय आणि कपाटातली जागा कार्डावर लिहायची आणि ते कार्ड लाकडी खणात लावायचं. लोकांना वाटायचं, ही बाई नुसती बसून असते. वाटू द्या. घरात हिंगाची डबी कुठं आहे हे जिला ठाऊक असतं तिचं महत्त्व ती माहेरी गेल्यावरच कळतं.

आमच्याकडे नुसती मराठी पुस्तकं नव्हती. विणकरांच्या घरांतून तेलुगू आली, अक्कलकोटकडच्या वाचकांनी कन्नड दिली, उर्दूचं तर कपाट भरलेलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी या उर्दू पुस्तकांच्या पहिल्या पानावर मोठ्या उत्साहानं परतीच्या तारखांच्या चिठ्ठ्या डकवल्या. आमच्याकडे पुस्तकबांधणीला एक चाचा यायचे. ते बघून पोट धरून हसले.

"बाई, ह्ये पैलं पान न्हाई की, शेवटचं हाय! आमची किताब उजवीकडनं उघडती. तुमी मागच्या दारानं आलात."

मला भयंकर राग आला. त्यांचा नव्हे, माझाच. दुसऱ्या दिवशी कोरी कार्डं घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, "शिकवा." पुठ्ठ्याला खळ लावता लावता त्यांनी मला अलिफ-बे शिकवलं. त्या सगळ्या चिठ्ठ्या आम्ही ओल्या फडक्यानं सोडवल्या आणि योग्य बाजूला लावल्या. मग मी उर्दूची कार्डं केली, वर उर्दूत नाव, खाली मराठीत. तेलुगू आणि कन्नडसाठी वाचकांनाच धरून बसवलं, त्यांच्याकडून अक्षरंही शिकले. घाईत असलेली माणसंसुद्धा बसायची.

पुढे संगणक आला. माझं त्याच्याशी वैर नाही, मराठीच्या नोंदी मीच त्यावर केल्या. पण बाकीचं काम घाईघाईनं बाहेरच्या लोकांना दिलं. त्यांना या लिप्या येत नव्हत्या. त्यांनी त्या सगळ्या पुस्तकांपुढे 'इतर भाषा' एवढंच टाकलं आणि मोकळे झाले. ना नाव, ना लेखक. माझी कार्डं अडगळीच्या खोलीत गेली. मी अर्ज दिले, त्यांच्यावर 'बघू' असा शेरा पडला. वाचक पडद्यावर शोधायचे, काही सापडायचं नाही, निघून जायचे. याच काळात चाचा वारले. त्यांची आठवण आली की मला अजून रडू येतं, पण पुढचं बघायला ते नव्हते हे बरंच झालं.

शेवटच्या दिवशी समारंभाच्या आधी आमच्या कार्यवाहांनी माझ्यापुढे एक यादी ठेवली. पाच वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही ते रद्दीत काढायचं, असा नियम. यादीत इतर भाषांची चारही कपाटं होती. 'कारण' या रकान्यात टाइप केलं होतं, 'वाचक नाहीत'. खाली माझी सही हवी होती.

"मॅडम, एवढं जाता जाता उरकून टाका," ते म्हणाले.

आधी पुस्तकं लपवायची आणि मग शोधायला कुणी येत नाही म्हणायचं! मी पेन घेतलं, 'वाचक नाहीत' यावर काट मारली आणि लिहिलं, 'नोंद करणाऱ्यांना वाचता आली नाहीत'. सही केली नाही. समारंभात शाल-श्रीफळ घेतलं, आणि चार गोड शब्द बोलायला उभी राहिले तेव्हा हीच हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. पहिल्या रांगेतली मंडळी एकदम पायाखालची फरशी न्याहाळू लागली.

"आजच्या दिवशी कशाला वाकडेपणा?" नंतर कार्यवाह म्हणाले. "तुमच्या जागी येणारा करेलच की सही."

ते खरं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही. बत्तीस वर्षांच्या कामाची रद्दी होणार आणि मी घरी शाल पांघरून बसणार? पण नियम मलाही पाठ होता. पुस्तक एकदा कुणी नेलं की पाच वर्षं त्याला हात लावता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेले आणि सभासदत्वाचा अर्ज भरला. सभासदाला एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. अडगळीच्या खोलीतल्या माझ्या कार्डांवरचे क्रमांक मला तोंडपाठ नव्हते, पण कपाटं तर माझीच होती. एक तेलुगू काढलं, एक उर्दू. खिडकीवर नेमके कार्यवाहच उभे होते.

"तेलुगू? मॅडम, तुम्हाला तेलुगू कुठं येतं?"

"नुसती अक्षरं येतात. म्हणून हळूहळू वाचणार. आणि एकटी नाही. उद्यापासून विणकरांच्या गल्लीत जाऊन सभासद गोळा करणार आहे, परवा मशिदीजवळच्या."

तारखेचा शिक्का घेऊन त्यांनी उर्दू पुस्तक पुढे ओढलं, डावीकडून उघडलं आणि चिठ्ठी शोधू लागले. दोन पानं उलटली, चार उलटली. चिठ्ठी मिळेना.

मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि उलटं करून पुढे ठेवलं.

"मागच्या दारानं आलात, साहेब. शिक्का इथं मारा."