अरवलीतल्या दरोडेखोर माश्या आणि माझी टोपी

लोक वाघ बघायला जातात. मी माशी बघायला गेलो, आणि तेही हट्ट करून. माझी मुलगी अनघा नोकरी सांभाळून रविवारी अरवलीच्या जंगलात दरोडेखोर माश्या, म्हणजे उडत्या किड्यांची शिकार करणाऱ्या रॉबर फ्लाय, शोधते. आठवडाभर ती ऑफिसात आणि मी दिल्लीतल्या द्वारकेच्या बाल्कनीत. उरलेली रविवारची सकाळही माश्याच नेणार असतील तर आपणच माश्यांकडे जावं, असं मनात आलं. "येऊ का?" विचारलं तर ती जरा थांबून म्हणाली, "चला बाबा. पण ट्रायल म्हणून. जमलं तर पुढे बघू." सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला मी सत्तरीत पुन्हा प्रोबेशनवर लागलो.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा सरता सरता जा. तिचा ऑफिसातला मित्र फिरोज, मूळचा पुण्याचा, गाडी घेऊन आला. लवकर निघालं की गुरुग्रामचे टॉवर जागे व्हायच्या आत मागे पडतात. पुढे ढाब्यावर आलू पराठे आणि दही पोटभर खाऊन घ्या, जंगलात काही मिळत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाणी आणि टोपी हवीच. मी काठीही घेतली होती, आणि शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता. त्या कुणी मागितल्या नव्हत्या.

कीकरच्या, म्हणजे बाभळीच्या, झुडपांतून चालताना फिरोजनं मला या कुळाची ओळख करून दिली. यात कुणी काडीसारखी सडपातळ, कुणी बोटाच्या दोन पेरांएवढी दांडगी, तर कुणी चक्क भुंग्याचं सोंग घेऊन फिरणारी. पण पंखांची जोडी एकच, म्हणून ही माशीच. दोन डोळ्यांच्या मधे खोलगट जागा आणि तोंडावर राठ मिशा, म्हणजे धडपडणाऱ्या शिकारीनं चेहरा ओरबाडू नये. पुढची वर्गवारी मिशांवर नाही, तर डोक्यावरच्या शिंगांवर, म्हणजे स्पर्शिकांवर, आणि पंखांतल्या शिरांवर ठरते. कूळ, पोटकूळ, प्रजाती, जाती. अगदी आमच्या ऑफिसातल्या केडरसारखं, फक्त इथे वशिला चालत नाही.

अनघा एका मोठ्या, काळसर माशीच्या मागे होती. गेल्या वर्षी ती एकदाच दिसली होती आणि फोटो निघायच्या आत उडाली होती. अशी माशी शिकार धरून बसली की हलत नाही, तेवढीच संधी. आणि ती दिसली. वाळक्या फांदीवर, पायांत एक मधमाशी. अनघा कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर सरकू लागली.

मला मात्र फक्त मधमाशी दिसली. शाळेतल्या कवितांनी ज्या कष्टाळू जीवाचं एवढं कौतुक शिकवलं, तो दरोडेखोराच्या तावडीत. मी टोपी काढून जोरात फिरवली. माशी उडाली, मधमाशी खाली पडली. उचलून बघितली तर कधीच मेलेली. या माश्या शिकारीच्या अंगात विष सोडतात आणि आतलं सगळं पातळ करून पितात, हे फिरोजनं मला फार हळुवार आवाजात सांगितलं. अनघा उठून गुडघ्यांची माती झटकू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, तुम्ही इथे आरामात बसा हं," म्हणत फिरोजनं मला एका दगडावर बसवलं. म्हणजे पुढे येऊ नका. मी काठी गुडघ्यांत उभी धरली आणि हरवून गेलो. सरोजिनी नगरचे सरकारी क्वार्टर, हिवाळ्यातलं ऊन, गच्चीवर मोठ्यानं कविता म्हणणारी छोटी अनघा. मग कानाशी भुणभुण झाली. ती काळी माशी काठीच्या टोकावर येऊन बसली होती. या माश्यांना अशी उघडी टोकंच आवडतात. पायांत नवी शिकार होती.

मी हाक मारली नाही. मान आखडली, कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, हातावर डास बसून जेवून गेला. शेवटी अनघानं वळून पाहिलं.

"बाबा, श्वास जरा हळू घ्या," ती कुजबुजली. मग नुसती क्लिक क्लिक.

परतताना गाडीत तिनं मला पुढची सीट दिली. संध्याकाळी लॅपटॉपवर फोटो दाखवले. माशीची एकेक शीर स्पष्ट, मागे माझं नाक धूसर. नाव लागलं का, मी विचारलं. पोटकुळापर्यंत पोचल्येय, जातीचं तज्ज्ञच सांगतील, म्हणाली. लॅपटॉप मिटता मिटता म्हणाली, "रविवारी सहाला निघू या. काठी घ्या."

हे निमंत्रण वडील म्हणून की खुंटी म्हणून, ते मी विचारलं नाही. मान अजून आखडलेली आहे. तरी रोज सकाळी बाल्कनीत काठी धरून न हलता बसायचा सराव चालू आहे. शेजारच्या बाईंनी काल दुसऱ्यांदा विचारलं, "अंकलजी, तबीयत ठीक है ना?"