दोन हातांची बॅग

मंगळवारी सकाळी साडेनवाला दादा दुकानात बसल्या जागी गेला. मांडीवर बॅग होती. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लोंबत होत्या.

साल बहात्तर. आमचं दुकान नगरला, भिंगारच्या रस्त्यावर. आजोबा छावणीतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचे. पुढे आम्ही मोटा शिवू लागलो. त्या वर्षी विहिरीच आटल्या, मोटा कोण शिवून घेणार? अशात श्रीरामपूरच्या एका वयस्कर डॉक्टरांची ऑर्डर आली. त्यांच्याकडे साहेबाच्या काळातली जाड चामड्याची बॅग होती. ती त्यांनी नमुना म्हणून ठेवली. हुबेहूब तशीच मुलीसाठी हवी होती. मुलगी नुकतीच डॉक्टर झाली होती आणि महिनाभरात कोपरगावच्या दवाखान्यात हजर होणार होती.

मी मॅट्रिक झालेलो. चामडं कापायचं आणि गिऱ्हाइकांना पत्रं लिहायची, हे माझं काम. शिवायला बसलो की दादा म्हणायचा, “तू आपला वह्या शिव, बाबा.”

इतकं जाड चामडं आमच्या मशीनवर चालत नसे. आरीने, म्हणजे लाकडी मुठीच्या टोच्याने, भोक पाडायचं. एकाच दोऱ्याच्या दोन सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या आणि दोन्ही हातांनी ओढायचं. आरीचं पातं चपटं असतं, म्हणून भोक तिरकं पडतं आणि टाकाही तिरका बसतो. दादा डावखुरा. त्याचा टाका एका बाजूला कलायचा, माझा दुसऱ्या. त्यामुळे घरात आजोबांपासून नियम होता: एक वस्तू, एक हात.

तेराव्यानंतर मी बॅग हातात घेतली. तिची एक बाजू शिवून झाली होती, दुसरी निम्मी. डाव्या हाताने एका तुकड्यावर प्रयत्न केला. चौथ्या टाक्याला आरी बोटात गेली. सगळी नव्याने करावी तर तसलं दुसरं चामडं मिळेपर्यंत मुलगी हजर झाली असती. मग दादाचा टाका थांबला होता तिथून मी माझा सुरू केला.

रविवारी डॉक्टर आले. दादाचं त्यांना कळलेलं नव्हतं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी शिवण डोळ्यांजवळ नेली.

“अहो, बॅग शिवलीत की दोन गावांची शीव आखलीत?”

“वरचे टाके दादाचे. खालचे माझे.”

“मग त्यांनाच पुरं करू द्यायचं. आहेत कुठे ते?”

मी सांगितलं. डॉक्टर बाकावर बसले. चष्मा परत डोळ्यांवर घेऊन म्हणाले, “अशीच द्या. मी मुलीला सांगेन.”

विषय तिथेच संपायला हवा होता. पण कीव करून नेलेली बॅग मला नको होती. मी म्हणालो, “दोन तास द्या साहेब. वरचं उसवून ही बाजू एकसारखी करतो.”

आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. “भावजी, त्येंचं टाकं उसवू नगा. डॉक्टर नेत्यात म्हंत्यात न्हवं?”

“वहिनी, हे काम आहे.”

“आन त्ये बसून करीत हुते ते काय हुतं?”

मी टाके कापायला घेतले.

दादाच्या भोकांत माझा टाका धड इकडे ना तिकडे बसेना. म्हणून त्याच भोकांवरून माझ्या कलाने आरी चालवली. प्रत्येक भोकाची फुली झाली. दोरा ताणला आणि पोस्टाच्या तिकिटांची पट्टी सुटावी तशी ती कड सुटून हातात आली. चामड्याला एकदा पडलेलं भोक बुजत नाही. हे मला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी नमुन्याची बॅग उचलली. “हीच नेईल ती,” एवढंच म्हणाले आणि श्रीरामपूरची गाडी धरायला निघून गेले. वहिनी आत गेल्या होत्या.

मी नियम पाळायला गेलो आणि बॅग घालवली. तेव्हापासून कुणाचं अर्धं शिवलेलं काम हाती आलं, तर मी ते आहे तिथून पुढे शिवतो. मागचं उसवत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुरी शिवलेली बाजू कापून मागितली. ती त्यांच्या पेटीत आहे. बाकीचं चामडं चपलांच्या तळांना लागलं.