रिळांवरचा संगमरवर

धामणगाव बढ्यात माझं रंगकामाचं दुकान आहे. मोटारसायकलच्या टाक्या, मडगार्ड, कधी एखाद्या ट्रॅक्टरचं बॉनेट, असं काम. काही वर्षांपूर्वी नळगंगा धरणावर गळ टाकायला जाणारा एक जण आपलं रीळ घेऊन आला. गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायचं असतं, ते. त्याचा रंग पार उडाला होता. "टाकीवर करता तशी काही भानगड याच्यावरही करून द्या," म्हणाला.

मी टबात पाणी घेतलं, त्यावर पातळ केलेल्या तैलरंगाचे थेंब सोडले, सळईने फिरवले आणि रिळाच्या सुट्या केलेल्या चकत्या त्यात बुडवून काढल्या. पाण्यावरची रंगाची साय चकत्यांना चिकटून वर आली. निळ्या-पांढऱ्या शिरा, अगदी संगमरवरासारख्या. त्या माणसाने धरणावर ते रीळ दहा जणांना दाखवलं असेल. पुढच्या महिन्यापासून मलकापूर, बुलढाण्याहून रिळं यायला लागली.

काम दिसतं तितकं सोपं नव्हतं. रीळ उघडायचं, वंगण धुवायचं, जुना रंग घासून काढायचा, बेअरिंगच्या भोकांत मेण भरायचं, मग पांढरा हात द्यायचा. एवढं सगळं माझी बायको करायची. बुडवायचं मात्र मी कोणाला करू देत नव्हतो. उन्हाळ्यात तर रंग पाण्यावर पडल्या पडल्या धावत सुटायचा, किंवा वाळून त्याला सुरकुत्या पडायच्या. खूप चुकल्यावर मला समजलं, की पाण्यात थोडं डिंकाचं पाणी घातलं तर रंग जरा थांबतो. तरी चारातली दोन रिळं वाया जायचीच. ते डिंकाचं पाणी मी आतल्या खोलीत, पडदा ओढून कालवायचो. बायको हसायची. मी म्हणायचो, हसू नको, हेच आपलं भांडवल आहे.

त्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाने फोनवर फोटो दाखवला. दुसऱ्याच कोणाचं तरी रीळ, आणि त्यावर हुबेहूब माझ्यासारख्या शिरा. "हे कुठून आणलं?" मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. फोटो फिरत फिरत आला होता म्हणे. त्या दिवसापासून मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेवर नजर ठेवू लागलो.

आणि मग रोहिणखेडचे एक चाचा आले. सत्तरीच्या पुढचे, पांढरी दाढी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी एक गंजलेलं रीळ काढलं. मूठसुद्धा तुटलेली.

"याच्यावर ते लहरीचं काम करून पाहिजे."

"चाचा, याले तर मूठच नाही. मासे कशानं धराल?"

"मासे नाही धरायचे. काम पाहायचं हाय."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला मासे धरायचे नाहीत, तो भंगारातलं रीळ रंगवायला एवढ्या लांबून कशाला येईल? मी म्हटलं, ठेवून जा, आठ दिवसांनी या. ते म्हणाले, "बसतो ना. मले घाई नाही."

ते बसले. मी टाकीचं काम काढलं, तेही त्यांनी पाहिलं. मी चहाला चला म्हटलं, तर नको म्हणाले. शेवटी दुसऱ्या एकाच्या रिळाच्या चकत्या बुडवाव्या लागल्या, तर ते स्टूल ओढून टबाजवळ आले. रंगाचा थेंब पाण्यावर पसरला तसे त्यांचे ओठ हलले, जणू मोजत होते. मी चकती धुवायला वळलो आणि परत पाहिलं, तर त्यांनी टबाच्या कडेला बोट बुडवलं होतं आणि दोन बोटांत ते पाणी चोळून पाहत होते.

"पाण्यात काय टाकता?"

"काही नाही. साधं पाणी हाय, बोअरिंगचं."

त्यांनी ओली बोटं पिशवीला पुसली. "साध्या पाण्यावर रंग असा थांबत नाही, बेटा."

ते गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "कोणी तरी पाठवलं याले. फोटोवाल्याचाच माणूस."

"म्हातारा माणूस हाय. काऊन एवढा संशय घेता?"

"म्हाताऱ्यावर कोणी संशय घेत नाही, म्हणूनच पाठवला."

ते आणखी दोनदा आले. दरवेळी मी त्यांचं रीळ मुद्दाम मागे ठेवलं. चौथ्यांदा आले तेव्हा मी आत होतो. पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर चाचा टबावर वाकलेले आणि त्यांच्या हातात एक बाटली. अर्ध्यापर्यंत भरलेली. मी बाहेर आलो आणि सरळ त्यांचं मनगट धरलं.

"पाणी चोरून नेता? कोणाले द्यायचं हाय हे?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. तीही वळून पाहू लागली. चाचांनी हात सोडवून घेतला नाही, आवाजही चढवला नाही. माझी पकड आपोआप सैल झाली, तशी त्यांनी बाटली टेबलावर ठेवली.

"तुमचं पाणी नाही हे. माझं हाय. घरून आणलं, तुमच्यासाठी. वास घ्या."

मी बूच उघडलं. मेथीचा कडवट वास आला. पाणी बुळबुळीत, पातळ खळीसारखं. चाचा तोवर रस्त्यावर गेले होते. त्यांचं रीळ माझ्याकडेच राहिलं.

खरं सांगायचं तर तेव्हाही मला लाज वाटली नाही. मला वाटलं, हा नवा डाव आहे. माझं काम बिघडवायला काही तरी आणलंय. बाटली ओतून द्यायला निघालो, तर बायकोने ती हातातून घेतली. जुन्या परातीत ओतली, वर दोन रंगांचे थेंब टाकले. थेंब पसरले आणि थांबले. तिने केसातली पिन काढून त्यांतून ओढली, तर रेघ जशी ओढली तशीच राहिली. एक टाकाऊ चकती तिने त्यात बुडवली. सगळ्या शिरा काठापर्यंत सरळ आल्या. मी इतकी वर्षं केलेल्या कामात अशी एकही चकती नव्हती.

"बघा," ती एवढंच म्हणाली.

तरी मी पंधरा दिवस काढले. मग फोटोतलं ते रीळ प्रत्यक्षात माझ्या दुकानात आलं. मालक म्हणाला, कडेने निघून राह्यलं, काही करता येईल का. मी नख लावलं, तर शिरा पापुद्र्यासारख्या उचलल्या गेल्या. ते रंगकाम नव्हतंच. छापलेलं स्टिकर होतं. माझं कोणी काहीच चोरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि बायको रोहिणखेडला गेलो. मशिदीच्या मागच्या गल्लीत चाचांचं घर विचारत सापडलं. घरात कोनाड्यात जुन्या वह्यांची चळत होती आणि प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर त्याच लहरी, त्याच शिरा. लाल, हिरव्या, शाईसारख्या निळ्या. लहानपणी दुकानदारांच्या चोपड्यांवर मी तो कागद पाहिला होता. अबरी म्हणतात त्याला. तो हाताने होतो, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

घासून पांढरा हात दिलेलं त्यांचं रीळ मी पुढे ठेवलं. "चाचा, माझं चुकलं."

त्यांनी रीळ उचललं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. बोलले ते बायकोशी. तरुणपणी खामगावात बायंडिंगच्या दुकानात ते अबरी काढायचे. मेथी भिजवायची, उकळायची, फडक्यातून गाळायची, त्यावर रंग सोडायचा. पुढे छापील कागद आला आणि ते काम सुटलं. धरणावर कोणाच्या तरी हातात माझं रीळ दिसलं, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"जिंदगीभर सपाट कागदावर केलं," ते म्हणाले. "गोल चीजवर बसते का, ते पाहायचं होतं. बस."

"मग पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," मी म्हटलं.

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही साधं पाणी म्हणाले. म्हटलं, या माणसाले यावर बोलायचंच नाही."

बायकोने विचारलं, "मले शिकवाल का, चाचा?"

"तुले शिकवीन. याले नाही."

ती दर आठवड्याला एसटीने जाऊ लागली. मी तिला सोडायला गेलो तरी ओट्यावर बसायचो. पहिल्याच दिवशी दारातून मला दिसलं, चाचांनी आपलं रीळ स्वतःच्या हाताने बुडवलं. दोनदा काठावर नक्षी फाटली, दोनदा त्यांनी ती पुसून टाकली. तिसऱ्यांदा चकती तिरपी धरून हळूहळू फिरवत पाण्यात नेली. वर आली तेव्हा त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बसते."

आता बुडवायचं काम बायको करते. मी रिळं उघडतो आणि घासतो. कधी कधी मनात येतं, म्हाताऱ्याने तिला सगळं सांगितलं असेल का, आणि तिने मला. तो संशयाचा किडा पुरता गेलेला नाही. चाचांना मी दोनदा दुकानात बोलावलं. "तुमचं काम चालू द्या," एवढंच म्हणतात. दुकानाची पायरी काही चढत नाहीत.