दोन राजदूतांमधली पांढरी पट्टी

“त्यांचे चौदा आणि आपले नऊच?” परराष्ट्र खात्याच्या मल्होत्रा साहेबांनी भिंतीवर चिकटवलेल्या प्रिंटआउटकडे बोट करून विचारलं.

“हो सर. आपले लोक तिकडे जास्त वर्षं राहिले, त्यांचे इथून लवकर बदलून गेले. म्हणून त्यांचे जास्त झाले.”

“पण बघणाऱ्याला काय वाटेल? त्यांनी चौदा माणसं पाठवली आणि आपण नऊंवर भागवलं!”

शेजारी दुसऱ्या देशाच्या कॉन्सुलेटमधल्या बाई उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “मला तर उलटं दिसतंय. आमची माणसं इथून पळून जात होती असं वाटतंय.”

एकाच पॅनेलने दोन देशांचा अपमान करण्याची माझी ही पहिलीच वेळ.

मी प्रदर्शनं डिझाइन करते. आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे, पण तेव्हा, म्हणजे दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला, मी चेन्नईत अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कंपनीत नोकरीला होते. नवऱ्याची बदली तिथल्या मोटार कारखान्यात झाली, म्हणून मी नाशिक सोडून वेलचेरीत राहायला आले होते. आमची कंपनी प्रदर्शनाचे स्टॉल, म्युझियमचे पॅनेल, असली कामं करायची. त्या वर्षी समुद्रापलीकडच्या एका देशाने चेन्नईजवळ मोठा कारखाना काढायचं ठरवलं आणि त्या निमित्ताने दोन्ही सरकारांनी मिळून प्रदर्शन मांडायचं ठरलं. देशाचं नाव लिहीत नाही. करारात गोपनीयतेचं कलम होतं आणि ते लोक कलमं विसरत नाहीत.

प्रदर्शनाच्या मधोमध एक लांबलचक भिंत होती. तिच्यावर स्वातंत्र्यानंतर दोन देशांत आलेल्या-गेलेल्या सगळ्या राजदूतांचा इतिहास मांडायचा होता. डावीकडे आपण पाठवलेले, उजवीकडे त्यांनी पाठवलेले. ही भिंत माझ्याकडे होती. स्वतंत्रपणे मिळालेलं माझं पहिलं मोठं काम.

मल्होत्रा साहेब आणि त्या बाई गेल्यावर आमचे मालक सेल्वम सर माझ्या टेबलाशी आले. “मीनल मॅडम, शुक्रवारी दोघांची सही पाहिजे. नाहीतर वॉल मोहनकडे देतो. मला रिस्क नको.”

मोहन. आता ह्या माणसाबद्दल सांगायलाच हवं.

मोहन राव तंजावर मराठी. जन्म, शिक्षण, सगळं चेन्नईत. सुतारांशी तमिळ, दिल्लीवाल्यांशी हिंदी, कॉन्सुलेटमध्ये इंग्रजी, शेजारच्या वर्कशॉपवाल्याशी तेलुगू. निदान मराठी तरी ऑफिसात माझी एकटीची असेल असं मला वाटलं होतं. तर तीही त्याच्याकडे निघाली, आणि तीनशे वर्षं जुनी! माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असून तो मला अक्का म्हणायचा. सेल्वम सर त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायचे, माझ्याशी मात्र डायरी उघडून. मला त्याचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, चांगला सणसणीत. तो जेवणाचा डबा उघडायचा तेव्हासुद्धा त्याच्या डब्याभोवती चार जण जमायचे आणि मी माझी पोळीभाजी चावत बसायचे.

“बरं आहांत की अक्का?” त्या दुपारी त्याने विचारलं. “सर काय सांगत होते?”

“काही नाही,” मी म्हटलं.

मी पहिली युक्ती केली ती अगदीच बाळबोध होती. आपले फोटो थोडे मोठे केले आणि त्यांचे थोडे लहान, म्हणजे दोन्ही रांगा सारख्या लांबीच्या दिसतील. बाईंना मेल केला. उत्तर लगेच आलं, एका ओळीचं. ‘आमचे राजदूत तुमच्या राजदूतांपेक्षा बुटके होते का?’

मग खरा मार्ग सुचला. माणसं मोजायचीच कशाला? काळ मोजावा. प्रत्येक राजदूताला एक पट्टी द्यायची. जो जितका काळ राहिला तितकी त्याची पट्टी उंच. काळ दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे वरपासून खालपर्यंत दोन्ही बाजू बरोबर भरणार. नऊ की चौदा हा प्रश्नच उरत नाही. चार वर्षं राहिलेल्याची पट्टी उंच खिडकीसारखी, वर्षात गेलेल्याची फळकुटासारखी.

राजदूताचा काळ मोजायचीही एक रीत असते. माणूस विमानतळावर उतरला म्हणून राजदूत होत नाही. आपल्या राष्ट्रप्रमुखाने दिलेली अधिकारपत्रं तो त्या देशाच्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात देतो, तेव्हापासून तो राजदूत. मी त्या तारखा दोन्हीकडून मागवून घेतल्या आणि संगणकावर पट्ट्या बसवल्या.

कच्चा प्रिंट काढून भिंतीला लावला. मध्यभागी, आपल्या बाजूला एक पट्टी कोरी पांढरी होती. समोर, त्यांच्या बाजूलाही तिथेच, जवळजवळ तेवढीच पांढरी. पूर्वी कधीतरी दोन्ही देशांचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि दोघांनी आपापले राजदूत परत बोलावले होते. पावणेदोन वर्षं कोणीच राजदूत नव्हता. फोटोंची नुसती रांग होती तेव्हा ते कळत नव्हतं. माझ्या हुशारीने ते भांडण भिंतीच्या मधोमध आणून टांगलं.

मल्होत्रा साहेब फोनवर म्हणाले, “वरच्या आणि खालच्या राजदूताची पट्टी थोडी ताणा की.”

“ताणता येत नाही सर. तारखा तुमच्याच ऑफिसने दिल्यात.”

बाई म्हणाल्या, “तुमच्याकडची पट्टी आमच्या आधी सुरू होते. म्हणजे आधी तुम्ही बोलावून घेतलं. ते ठळक दिसू द्या.”

एवढ्या वर्षांनंतरही दोघांचा सवतीमत्सर ताजा होता. बुधवार उजाडला होता आणि माझं घोडं त्या पांढऱ्या पट्टीत पेंड खात होतं.

मी प्रिंटसमोर बसले होते. मोहन मागे येऊन उभा राहिला. मी प्रिंट गुंडाळायला गेले, पण त्याने पाहिलं होतं.

“राजदूत नव्हते म्हणून कचेरीस कुलूप लावलं की काय?” तो म्हणाला. “कोणी तरी सांभाळत असेल नव्हे, अक्का?”

असतं तसं कोणीतरी. राजदूत नसला तर वकिलातीतला पुढचा अधिकारी ती सांभाळतो. त्याला प्रभारी म्हणतात. काम सगळं राजदूताचं, पण अधिकारपत्रं नाहीत, म्हणून राजदूतांच्या यादीत नाव नाही.

“आपला प्रभारी कोण होता ते आता दिल्लीला विचारावं लागेल,” मी म्हटलं.

“कशास दिल्ली? आमच्या अप्पांचे स्नेहित आहेत, अड्यारांत राहतात. विश्वनाथन. तेच होते तिथें. येता की, नेतों.”

म्हणजे हाही शोध मोहनचाच. त्याच्या स्कूटरवर मागे बसून जाताना माझी जी जळजळ होत होती, ती चेन्नईच्या उन्हाने नव्हती.

विश्वनाथन ऐंशीच्या घरात होते. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळावर विभूती, आवाज खणखणीत. माझी कल्पना होती की इतिहासाने विसरलेला माणूस भरल्या डोळ्यांनी आपला जुना फोटो हातात ठेवील. त्यांनी बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि पहिला प्रश्न केला. “माझ्यानंतर जो राजदूत आला, तो आहे ना भिंतीवर?”

“हो सर.”

“असणारच!” त्यांनी टंबलर इतक्या जोरात ठेवला की कॉफी सांडली. “पावणेदोन वर्षं तिकडच्या लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. दर आठवड्याला जाऊन बसायचो, ते भेटायचेसुद्धा नाहीत. शेवटी बोलणी सुरू झाली ती माझ्यामुळे. सगळं जुळून आल्यावर हा सूट घालून आला, हात मिळवले, फोटो काढले. पेपरात कोणाचं नाव? त्याचं. नंतर बढती कोणाला? त्यालाच. आणि मी? माझी बदली हिशेब तपासनीसांशी पत्रव्यवहार करायला!”

आपल्याकडे ह्याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. मी त्यांना ते इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांना फार आवडलं. पण फोटो काही दिला नाही.

“पारुम्मा,” ते म्हणाले, म्हणजे ‘हे बघ बाळ’. “त्याच्याएवढा मोठा लावणार असशील तर देतो. त्याच्याहून लहान, कोपऱ्यात, ‘हेही होते’ म्हणून लावणार असशील तर नको. मी नसलेलाच बरा.”

बाहेर येऊन मोहन हसायला लागला. “इतकी वर्षं झालीं, अजून मनांत धरून बसलेत!” तो म्हणाला. मला हसू येईना. मला तो म्हातारा पटला होता. कोणी दुसऱ्याने हात मिळवले की कसं वाटतं, हे मोहनला कुठून कळणार?

मी मल्होत्रा साहेबांना फोन केला. त्यांनी साफ नकार दिला. “प्रभारी हा राजदूत नव्हे. राजदूतांच्या रांगेत त्याला कसं बसवायचं? प्रोटोकॉल आहे.”

मी सुतारांना काम थांबवायला सांगितलं आणि विचार करत बसले. प्रोटोकॉल मला येत नव्हता, पण हेवा हा माझा अभ्यासाचा विषय. ऑफिसात त्यातलं माझ्याइतकं कोणाला कळत नव्हतं. पोट दुखतं कधी? आपल्याला नाही म्हणून फारसं नाही. शेजाऱ्याला आहे म्हणून.

मी कॉन्सुलेट गाठलं. बाईंना म्हटलं, “त्या काळात दिल्लीत तुमचा प्रभारी कोण होता, त्याचा फोटो मिळेल? तुमची पट्टी तरी कोरी राहायला नको.”

“आणि तुमची?”

“आमच्याकडून अजून होकार नाही.”

बाईंचे डोळे चमकले. संध्याकाळच्या आत फोटो माझ्या मेलवर होता. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक टक्कल पडलेला गृहस्थ. मग मी मल्होत्रा साहेबांना पुन्हा फोन केला.

“सर, फक्त कळवायचं होतं. त्यांनी त्यांचा प्रभारी दिलाय, त्यांची बाजू पूर्ण भरली. आता कोरी पट्टी फक्त आपल्याकडे राहील. चालेल ना?”

मग ते म्हणाले, “आपल्याकडे कोण होता म्हणालात?”

“विश्वनाथन. पण प्रोटोकॉल सर...”

“रंग वेगळा करा. राजदूत निळे, प्रभारी राखाडी. खाली बारीक टीप द्या. पण आपली बाजू मोकळी दिसता कामा नये.”

उरले विश्वनाथन. त्यांच्या अटीची मला धास्ती होती, कारण माझ्या भिंतीवर कोणाची पट्टी केवढी हे मी ठरवतच नव्हते, ते काळ ठरवत होता. मी संगणकावर पाहिलं आणि त्यांना फोन लावला.

“सर, तुमची पट्टी राखाडी रंगाची असेल. राजदूतांची निळी.”

“रंग काय करायचाय? त्याची केवढी?”

“ते वर्षभरही राहिले नव्हते, सर. बढती मिळून गेले. त्यांची पट्टी तुमच्या साधारण निम्मी.”

“निम्मी?”

“निम्मी. तुमच्या बरोब्बर खाली.”

फोनवर कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “उद्या सकाळी ये. फोटो काढून ठेवतो. माझ्याकडे सुटातलेही आहेत.”

शुक्रवारी दोन्ही सह्या झाल्या. भिंत माझीच राहिली. मल्होत्रा साहेब समाधानाने म्हणाले की आपल्या प्रभाऱ्याची पट्टी त्यांच्यापेक्षा बोटभर उंच आहे. तशी ती होतीच, कारण आपण राजदूत आधी परत बोलावला होता. बाई म्हणाल्या की आधी कोणी बोलावलं ते आता न सांगता दिसतंय. दोघांनी एकाच बोटभर जागेचा आपल्याला हवा तो अर्थ लावला आणि दोघंही खूश झाले.

उद्घाटनाला विश्वनाथन लवकर आले. भाषणं चालू असताना ते एकटेच भिंतीपाशी गेले. छत्रीचं टोक त्यांनी आधी स्वतःच्या पट्टीच्या वरच्या कडेला लावलं, मग खालच्या. मग त्यांच्यानंतर आलेल्या राजदूताच्या पट्टीच्या खालच्या कडेला. मापून झाल्यावर छत्री काखेत घातली. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी जो आनंद पाहिला, तो फीत कापणाऱ्या मंत्र्यांच्याही चेहऱ्यावर नव्हता.

त्यांच्यामागे मोहन उभा होता. तो त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्या भिंतीकडे बघत होता, वरपासून खालपर्यंत, ओठ घट्ट मिटून. ती नजर मी ओळखते. आरशात पाहिलेली आहे.

“माणसांऐवजी वर्षं मोजायचं,” तो हळूच म्हणाला, “मला कां सुचलं नाहीं अक्का?” मला इतकं बरं वाटलं की मी त्याला स्वतः जाऊन कॉफी आणून दिली.

प्रदर्शनाच्या दाराशी, काम कोणी केलं त्याची एक छोटी पाटी लावायची होती. सेल्वम सरांनी विचारलं, “मोहनचं नाव टाकायचं का? ओल्ड मॅन त्यानेच आणला.”

“टाका ना सर,” मी म्हटलं. “टाकलंच पाहिजे.”

“सेम साइज?”

“सेम साइज.”

“वर कोणाचं?”

“हे काय विचारणं झालं, सर?”

पाटी लागली. मोहनने ती वाचली आणि कामाला निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी सुतार मला सांगत आला की राव सारांनी, म्हणजे मोहनने, टेप मागून घेतली होती, दोन्ही नावांची अक्षरं मोजायला.

तेव्हापासून कुठलंही काम घेताना मी एक नियम पाळते. तुमचा फोटो केवढा हवा, असं क्लायंटला कधीच विचारत नाही. शेजारच्याचा केवढा चालेल, ते विचारते. उत्तर लगेच मिळतं, आणि खरं मिळतं.