वरचा थर माझा

वहिनींचा फोन सहसा दुपारी येतो, शेडमधलं काम उरकल्यावर. त्या दिवशी तो सकाळीच आला. मी ताथवड्याहून ऑफिसला निघालो होतो. गाडी बाजूला घेतली. त्या म्हणाल्या, "भावजी, बाई गप झाली."

बाई म्हणजे त्यांच्या फोनमधला आवाज. काचबिंदूने वहिनींची नजर हळूहळू आटत गेली आहे. समोरचा माणूस उजेडाच्या आड आला तर त्यांना त्याची सावली तेवढी कळते. फोन मात्र त्या स्वतः वापरतात. स्क्रीनवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून सांगतो, मग दोनदा टिचकी मारली की ते दाबलं जातं. बहुतेक फोनमध्ये ही सोय असतेच, सेटिंगमध्ये जाऊन चालू करायची एवढंच. मीच करून दिली होती. पहिल्या दिवशी आवाज ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "बाई पुण्याची दिसतीया, लई शुद्ध बोलती." तेव्हापासून ती बाई.

आमचं गाव चाकणच्या अलीकडे. जमीन बरीचशी औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या तुकड्यावर पत्र्याची शेड आहे आणि तिथे वहिनी गावातल्या बायकांना घेऊन कंपन्यांच्या कँटीनसाठी भाकऱ्या करतात. रोज सकाळी कँटीनच्या ठेकेदाराची ऑर्डर ॲपवर येते, दुसऱ्या शिफ्टला ज्वारीच्या किती, बाजरीच्या किती. ठरलेल्या वेळात ती स्वीकारली नाही की आपोआप भाकऱ्या करणाऱ्या दुसऱ्या गटाकडे जाते. हे ॲप आमच्या ऑफिसने केलेलं. त्यातली ऑर्डर स्वीकारायची स्क्रीन मी केलेली.

ॲपची नवी आवृत्ती आल्यापासून बाई सगळं वाचायची, ऑर्डर किती, कुठल्या कँटीनची, पण स्वीकारायच्या जागेवर बोट गेलं की गप्प. त्या दिवशीची ऑर्डर गेली होती. मी म्हणालो, फोन जुना झालाय वहिनी, बघू. आणि गाडी सुरू केली.

खरं कारण मला त्यांचं बोलणं संपायच्या आत कळलं होतं.

फोनचं सॉफ्टवेअर एकसंध नसतं, थराथरांचं असतं. तळाशी असतो तो गाभा, प्रोसेसर आणि मेमरी सांभाळणारा. त्याच्यावरचा थर स्क्रीन, माइक, कॅमेरा यांच्या तऱ्हा झाकून घेतो. माइक कुठल्याही कारखान्यातला असो, वरच्यांना तो सारखाच दिसतो. त्याच्यावर मधला थर. सगळ्यांना लागणाऱ्या गोष्टी त्यात तयार मिळतात, बटणं, याद्या, खिडक्या. सगळ्यात वर आम्ही, ॲप करणारे. प्रत्येक ॲप आपापल्या बंद खोलीत राहतं, शेजारच्या खोलीत डोकावायची कुणाला मुभा नाही. काही हवं असेल तर खालच्या थराकडे मागायचं. स्क्रीन वाचणारा आवाजही माझ्या ॲपमध्ये घुसत नाही. तो मधल्या थराला विचारतो, या बोटाखाली काय आहे? मधल्या थरातलं तयार बटण वापरलेलं असेल तर त्याच्यावर लिहिलेलं नाव त्या थराला ठाऊक असतं, आणि तो ते सांगतो. ॲप करणाऱ्याने आंधळ्या माणसाचा विचारही केला नसेल तरी बहुतेक वेळा काम होऊन जातं. कुठल्या तरी देशात बसलेल्या, मला कधीही न भेटणाऱ्या लोकांनी तो विचार आधीच करून ठेवलेला आहे.

नव्या आवृत्तीत मी तयार बटण वापरलं नव्हतं. मी एक हिरवा गोल काढला होता. वेळ सरेल तशी त्याची कड कमी होत जायची, शेवटी लाल व्हायची. हा गोल मी कोऱ्या जागेवर रेघ न् रेघ स्वतः रंगवला होता. मधल्या थराच्या लेखी तिथे काहीच नव्हतं, नुसता चौकोन. असं स्वतः रंगवलं की त्याचं नावही स्वतःच सांगावं लागतं. थोडंसं काम असतं. तपासणीच्या टूलने मला तशी सूचना दिलीही होती, या भागाला नाव नाही म्हणून. ती मी 'नंतर' म्हणून बाजूला सारली.

का, तर घाई होती असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. माझ्या आजूबाजूला सगळी पंचविशी-तिशीतली मुलं. मीटिंगमध्ये माझ्याकडे बघून कुणी बोलत नाही असं मला वाटायला लागलं होतं. त्या हिरव्या गोलावर मात्र सगळे थांबले. एकजण म्हणाला, "सर, एकदम मख्खन." त्या शब्दावर मी कितीतरी दिवस काढले. नावाच्या सूचनेसाठी पुन्हा ते काम उघडायचं, म्हणजे त्यात काही राहिलं होतं हे सगळ्यांसमोर मान्य करायचं. ते मला नको होतं. आणि वहिनी हेच ॲप वापरतात हे मला माहीत होतं. मी विसरलो होतो असं म्हणायचीसुद्धा सोय नाही.

पुढच्या आठवड्यांत आणखी ऑर्डरी हुकल्या. कधी चुकून टिचकी बरोबर बसायची, कधी नाही. पुतण्या कारखान्यात सकाळच्या शिफ्टला जातो, त्यामुळे तो मदतीला नसायचा. एका रविवारी त्याने मला सांगितलं की आता फोन बायकोकडे देतो, आईने आराम करावा, तिला कुठवर दमवायचं. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. पण त्या शेडमध्ये ऑर्डर घेणाराच ठरवतो पीठ किती भिजवायचं, तव्यावर कोण, थापायला कोण. फोन गेला की वहिनी तिथे एका बाजूला पाटावर बसलेली म्हातारी होणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

मी काय केलं? नवा फोन घेतला आणि गावी नेऊन दिला. आवाज चालू करून दिला, वेग त्यांना हवा तसा लावून दिला. शेडमधल्या बायकांनी कौतुक केलं, दीर असावा तर असा. मी चहा पिऊन निघालो.

दोन दिवसांनी फोन आला. या वेळी वहिनींचा आवाज अगदी शांत होता. "भावजी, नव्या फोनमंदी बी बाई तिथंच गप होती. म्हंजी फोनचं काय न्हाई. माझं बोटच चुकतंय. तुमी उगा खर्चात पडला."

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. डिप्लोमा होईपर्यंत मी वहिनींच्या हातचं जेवलो. त्यांचे एवढी वर्षं मी कधी मोठ्याने आभार मानलेले नाहीत. आमच्याकडे तशी पद्धत नाही आणि मी मुळात कमी बोलतो. पण फोन ठेवल्यावर मला ऑफिसच्या जिन्यात बसून राहावं लागलं. ज्या बोटांनी त्या भाकरीची कड चाचपून ती कुठे जाड राहिली ते सांगतात, त्या बोटांवरचा त्यांचा विश्वास मी घालवला होता. एका गोलासाठी.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. बायका गेल्या होत्या, तवे निवत होते. वहिनी परात पुसत होत्या. मी बोलायला सुरुवात केली ती भलतीकडूनच. म्हणालो, बाई बोलते कशी ते सांगू का? त्या म्हणाल्या, सांगा की.

मी कँटीनचं उदाहरण घेतलं. कामगार ताट घेऊन काउंटरवर येतो. भाकरी कुणी केली त्याला माहीत नाही, तो काउंटरवाल्याला सांगतो. काउंटरवाला ठेकेदाराला, ठेकेदार तुम्हाला, तुम्ही गिरणीवाल्याला. कुणी कुणाला ओलांडून जात नाही, म्हणून एवढ्या हजारो ताटांचा मेळ बसतो. फोनमध्येही तसेच थर आहेत. बाई मधल्या थराला विचारते, मधला थर वरच्याला.

"मग अडलं कुठं?"

"सगळ्यात वरच्या थरात. खालचे सगळे आपलं काम बरोबर करतायत."

"त्यो वरचा कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. मग थांबता आलं नाही. गोल, सूचना, 'नंतर', मख्खन, जुन्या फोनची थाप, नवा फोन, सगळं सांगितलं. त्यांचा हात परातीवर फिरायचा थांबला.

त्यांनी परात बाजूला सारली. मग म्हणाल्या, "म्हंजी माझं बोट बरूबर हुतं."

"बरोबर होतं, वहिनी."

"मी बोटाला लई बोलले हो." आणि त्यांनी उजवा हात डाव्या हाताने जरा दाबला, लहान मुलाचा धरावा तसा. मला त्या काही बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या शेडमध्ये एक रीत आहे. पीठ नवं मळलं की पहिली भाकरी डब्यात जात नाही. जिने मळलं तिनेच ती खायची, कोरडी, सगळ्यांच्या देखत. मीठ कमी असो, पीठ कडू असो, आधी तिला कळतं. वहिनी उठल्या, चाचपत फोन घेतला आणि माझ्या हातात दिला. "डोळं मिटा. आन् घ्या आर्डर."

ऑफिसच्या चाचणीतली खोटी ऑर्डर पाठवता येते, तशी मी पाठवली. डोळे मिटले. बाई वाचत गेली, ज्वारी, बाजरी, कँटीनचा नंबर. मग गप्प. मी बोट डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं. मी स्वतः काढलेला गोल मला सापडेना. वेळ संपल्याचा आवाज झाला. डोळे उघडले तर वहिनी हसत होत्या. "गेली बघा तुमची आर्डर दुसऱ्या गटाला," त्या म्हणाल्या. त्या हसण्यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी चुलीवर चहा ठेवला आणि मला बसा म्हणाल्या.

सोमवारी आमच्या टीमच्या प्रमुखांना मी सगळं सांगितलं. त्या वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी ऐकून घेतलं, चिडल्या, सूचना बाजूला सारणं सगळ्यांसाठीच बंद केलं, आणि मग विचारलं, दुरुस्तीला किती वेळ? लाज वाटली उत्तर द्यायला. गोल तसाच ठेवला, फक्त त्याने मधल्या थराला आपलं नाव सांगितलं, आणि किती वेळ उरला तेही. बाकी सगळं खालच्या थरांनी केलं. ते किती काळ तयार होते, फक्त मी हाक मारायची राहिली होती.

नवी आवृत्ती गेली त्या सकाळी मी रजा टाकून शेडमध्ये जाऊन बसलो. पुतण्याच्या सांगण्यावरून ऑर्डरीच्या वेळी फोन आता सूनबाईकडे असायचा. टिंग वाजलं तशी तिने तो न बघताच सासूच्या हातात दिला. वहिनींचं बोट खाली सरकत आलं. बाई म्हणाली, "स्वीकारा, बटण. चार मिनिटं बाकी."

वहिनींनी लगेच टिचकी मारली नाही. बोट बाजूला घेतलं, पुन्हा तिथेच आणलं, बाईला पुन्हा एकदा बोलायला लावलं. मग दोनदा टिचकी. फोन पुसून स्वतःच्या पिशवीत टाकला आणि आवाज चढवला, "बाजरीचं आधी भिजवा गं. आन् तू तव्यावर."

आता कुठलंही काम पुढे पाठवण्याआधी मी स्क्रीन पूर्ण काळी करतो आणि ते एकदा नुसत्या आवाजावर वापरून बघतो. आजूबाजूची मुलं सुरुवातीला हसली, आता त्यांतली काही माझ्याबरोबर बसतात. बाई न अडखळता शेवटपर्यंत बोलली की मी मनातल्या मनात त्या मधल्या थराच्या लोकांना नमस्कार करतो. ते कोण, कुठले, मला कधी कळणार नाही.

वहिनींना नमस्कार करायला जमलेलं नाही. त्या दिवशी निघताना मी वाकलो, तर त्यांनी माझ्या हातात गरम भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "ही पहिली हाय. पीठ मी मळलं, म्हंजी मीच खायची, पर आज तुमी खावा."