दार वाजवणाऱ्या ताई

शीतगृहाचं लोखंडी दार उघडण्याआधी ताई ते वाजवायच्या. बोटातल्या अंगठीने, हलकेच. मग कान देऊन उभ्या राहायच्या आणि थोड्या वेळाने "येते हं" म्हणून कडी ओढायच्या.

आत माणूस नसे. आत असायची खोकी.

जेद्दाच्या बंदराजवळ आमच्या कंपनीचं औषधांचं गोदाम आहे. मी तिथला मॅनेजर. ताई फार्मासिस्ट, दापोलीकडच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. सौदी मालक त्यांना इथल्या रिवाजाप्रमाणे "दक्तूरा", म्हणजे डॉक्टरबाई, म्हणे, फोर्कलिफ्ट चालवणारा मलबारचा बशीर "मॅडम" म्हणे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी आपण त्यांच्या खोडीला हसतो. हसायचं आपण कधी थांबलो, ते नंतर आठवत नाही.

"मॅडम, अंदर कौन है?" बशीरने एकदा विचारलं.

"जिनका माल है, वो."

माल म्हणजे शेंगदाण्याच्या गोड पेस्टची चंदेरी पाकिटं. उपासमारीने वाळलेल्या मुलांना अन्न पचेनासं झालं की हे देतात. तांबड्या समुद्रापलीकडे लढाई चाललेल्या देशातल्या एका बालरुग्णालयाकडे ती जायची होती. पैसा मात्र तिसऱ्याच, दूरच्या बड्या देशाचा. परदेशांच्या मदतीवर किती खर्च करायचा, याचा कायदा तिथली संसद करते. त्या वर्षी तो अडला. कायदा होईपर्यंत पाकिटं आमच्याकडे थांबणार होती. त्यांच्यावर छापलेली मुदत काही थांबत नव्हती.

मग ताई त्या संसदेच्या नादी लागल्या. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल डब्याला टेकवून ठेवायच्या आणि घावन खाता खाता वादविवाद ऐकायच्या.

"बघा भाऊ, परत उभा राहिला मेला. दर वेळी उठून नाहीच म्हणतो. आमच्या ग्रामसभेत असाच एक होता. चहा येईपर्यंत विरोध करायचा."

"मग ह्यालाही चहा पाठवा."

"पाठवला असता हो. आलं घालून."

दार का वाजवतात, ते मी त्यांना एकदाच विचारलं. त्यांची आई गावात अंगणवाडी चालवायची. दुपारी खाऊ खाऊन मुलं चटईवर झोपत. आईने शिकवलं होतं, आत जाताना दार वाजवायचं, थांबायचं, मग उघडायचं. धाडकन उघडलं की मुलं दचकतात, आणि दचकलेलं मूल संध्याकाळी जेवत नाही.

"पण ताई, इथे मुलं कुठायत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं बोललो होतो. "माल त्यांचा आहे ना? मग ती कुठे जातील?"

त्यानंतर एका दुपारी वीज गेली. जेद्दात दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. कॉम्प्रेसरची घरघर बंद पडली आणि सगळं गोदाम एकदम मुकं झालं. जनरेटर चालू व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात शीतगृहाच्या आतून आवाज आला. सळसळ. इथे थोडी, तिथे थोडी. कोणी कूस बदलावी, शेजारच्याला पाय लागावा, तशी.

"उठली," ताई म्हणाल्या.

थंडावा कमी झाला की पाकिटांचं चंदेरी वेष्टन फुगतं, त्याचा तो आवाज. मी शिकलेला माणूस आहे, मला हे माहीत होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. ताई दाराला ओठ लावून काहीतरी पुटपुटत होत्या. जनरेटर लागला. सळसळ निजली.

अखेर एका गुरुवारी सकाळी बातमी आली, कायदा मंजूर. भरघोस मतांनी. मालकाचा फोन आला, "मबरूक, अभिनंदन! खलास, आता माल हलवा!" आमची सुट्टी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे बोट रविवारी भरायची ठरली. मी जवळच्या बेकरीतून ताजा बसबूसा, इथली रव्याची पाकातली वडी, आणला आणि सगळ्यांना वाटला. बशीरने दोनदा घेतला.

ताईंनी हातात घेतला, पण खाल्ला नाही. "काय मंजूर झालं, ते वाचलंत का?"

"ताई, मंजूर झालं ना? आता तरी तोंड गोड करा."

"आधी वाचू दे." त्यांनी वडी आपल्या टेबलावर एका झाकणाखाली ठेवली.

रविवारी गोदाम उघडलं, तेव्हा त्या बड्या देशाच्या मदत-ऑफिसाचा मेल येऊन पडला होता. कायद्यात मदत होती, भरपूर होती, पण समुद्रापलीकडच्या लढाईतल्या देशाचं कलम शेवटच्या तडजोडीत गळलं होतं. जुना माल तिकडे पाठवायचा नाही. दुसऱ्या कुणाला द्यायलाही परवानगी नाही. मुदत संपत आली आहे, तरी नष्ट करावा.

ताईंनी सगळीकडे फोन केले. त्या दूरच्या ऑफिसात, रुग्णालयात, मालकाला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून होतो. रुग्णालयातली बाई इंग्रजीत विचारत होती, "बोट निघाली का?" ताई म्हणाल्या, "नाही." तिने पुन्हा विचारलं. ताई पुन्हा म्हणाल्या, "नाही." दूरच्या ऑफिसातून सोमवारी उत्तर आलं, दिलगीर आहोत, कायदा आता झाला आहे.

माल जाळायला नेणारा ट्रक मंगळवारी दुपारी लागला. बशीर फोर्कलिफ्ट घेऊन आला. मागे घेताना ती टीं टीं वाजते. ताईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

"ये नहीं. हाथ से निकालो."

मग त्या दाराशी गेल्या. आम्ही अंगठीच्या आवाजाची वाट पाहत होतो. त्यांनी अंगठी काढून पर्समध्ये टाकली. कडी दोन्ही हातांनी धरून, जराही न वाजवता सरकवली.

"ताई, आज वाजवलं नाहीत?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"आज नको, भाऊ," त्या कुजबुजल्या. "झोपू देत."

बशीरने बूट काढले आणि भिंतीशी ठेवले. मग मीही काढले. आम्ही खोकी एकेक करून छातीशी धरून बाहेर नेली. ट्रकवाला चेष्टा करायला तोंड उघडत होता, पण आमचे पाय पाहून ट्रकचा फाळका उघडायला वळला. शेवटचं खोकं माझ्या हातात होतं. ते कोमट लागलं. बाहेर ऊन होतं, त्याने लागलं असेल.

ताई नोकरी सोडून, फायनल एक्झिट घेऊन कायमच्या गावी गेल्या. जायच्या दिवशी त्यांच्या टेबलावरचं झाकण मी उचललं. बसबूसा तसाच होता, दगड झालेला.

माझी त्यात काही चूक नव्हती. सगळं नियमाने झालं, हेच मी बायकोला सांगतो. ती म्हणते, मग झोपत का नाही? मला एवढंच आठवतं, की त्या गुरुवारी मी किती आनंदाने गोड वाटलं होतं, आणि मला ते किती गोड लागलं होतं.

शीतगृहाला अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. आत काही नाही, एक खोकंसुद्धा नाही. मॅनेजर मीच, त्यामुळे मला हे पक्कं माहीत आहे. मालकाच्या सांगण्यावरून कॉम्प्रेसर चालू ठेवतो, बंद राहिला तर बिघडतो.

परवा दुपारी वीज गेली. घरघर थांबली. मी दारासमोरूनच चाललो होतो. आतून सळसळ आली. इथे थोडी, तिथे थोडी.

मी कडीकडे हात नेला, तो तसाच राहिला. बशीरला आवाज द्यावा म्हणून वळलो.

तो मागेच उभा होता. बूट काढून.